पावणेपाच बरोबर होतं, शैले

शैले, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. भाजी चिरताना, वह्या तपासताना, मुलुंड स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी असताना. परवा पुढच्या बाईंनी मागे वळून विचारलं, "माझ्याशी बोललात का?" मी म्हटलं, नाही हो, मैत्रिणीशी. त्यांनी माझ्या कानात काही लावलंय का ते बघितलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं.

शाळेनं तुझी शोकसभा घेतली. मला बोलायला उभं केलं. माझ्याआधी कुणीतरी म्हणून गेलं, "परब बाई अतिशय मनमिळाऊ होत्या." मनमिळाऊ! तू! मला हसू आवरेना, म्हणून दोन वाक्यं कशीबशी बोलून मी खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. तेही खोटं नव्हतं म्हणा.

आपली ओळखच भांडणातून झाली. कांजूरच्या या शाळेत मी नवी होते, सहावीला गणित शिकवत होते. शेजारी तुझी पाचवी. मधे भिंत नव्हती, नुसतं लाकडी पार्टिशन. तुझं शिकवणं मला ऐकू यायचं आणि माझं तुला. एका दुपारी मी एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं. तीन अधिक एक छेद दोन. तिनं तीन आणि एक मिळवले, खाली दोन तसाच ठेवला: चार छेद दोन. आणि वर स्वतःच्या हुशारीनं पुढची पायरी केली, म्हणजे दोन. मी "चूक" म्हटलं, पुसलं आणि नेहमीची रीत लिहून दिली. तीनच्या खाली एक, मग तिरकस गुणाकार, सहा अधिक एक, सात छेद दोन. उतरवून घ्या.

मधल्या सुट्टीत तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. नाव नाही, गाव नाही.

"तीन होते. त्यात अर्धा घातला. आणि दोन झाले?"

"चुकली ती. मी दुरुस्त केलं ना."

"ते ऐकलं मी. पण वर्गातलं एक पण पोर हसलं नाय. पंचेचाळीस पोरं बसलीत, तीनात भर घातल्यावर दोन होतात, आणि कुणाला हसू येत नाय. याची भीती नाय वाटली तुला?"

खरं सांगू? मला त्या दिवशी फक्त तुझी भीती वाटली. तुझ्या म्हणण्याची भीती वाटायला मला पुढे बरीच वर्षं लागली. मुलांनी गणित आणि जग अशा दोन वेगळ्या खोल्या करून ठेवलेल्या असतात. घरी तीन चपात्यांवर अर्धी वाढली तर साडेतीन. शाळेत आलं की दोनसुद्धा चालतात, बाई म्हणतील ते.

त्यानंतर एकोणीस वर्षं आपण त्याच गोष्टीवरून भांडलो. तू विचारायचीस, "तो खालचा एक कुठनं आला गो?" मी म्हणायचे, कुठल्याही संख्येला एकानं भागलं तरी ती तेवढीच राहते. "ते तुला माहीत. पोरांच्या डोक्यावर तो आभाळातनं पडतो." तुझं म्हणणं, आधी दिसलं पाहिजे, मग लिहिलं पाहिजे. रीत विसरली की पोर उघडं पडतं. माझं म्हणणं, सगळ्यांनाच सगळं दिसत नाही आणि परीक्षा कुणासाठी थांबत नाही. ज्याला समजलं नाही त्याच्या हातात निदान रीत तरी असू दे. माझ्या वडिलांनी माझ्याकडून पावकी-निमकी, म्हणजे पावाचे नि अर्ध्याचे पाढे, घोकून घेतली होती, अर्थ न सांगता. अर्थ मागाहून आला, पण आला. मला अजूनही वाटतं की माझ्या म्हणण्यात काहीतरी होतं. तू मात्र एकदाही "बरोबर आहे तुझं" म्हणाली नाहीस. चहा पाजायचीस, डब्यातलं माशाचं कालवण बाजूला सरकवून माझ्यासाठी वेगळी उसळ आणायचीस, पण तेवढं एक वाक्य कधी नाही.

तुला ते सगळं दिसायचं, कारण तू त्यातच वाढली होतीस. वडिलांची गिरणी बंद पडली आणि आईनं भांडुपच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं. पाऊण मीटरचा ब्लाऊज, सव्वादोन मीटरचा परकर. तू म्हणायचीस, "आमच्या घरात अपूर्णांक कुणी शिकवला नाय. कापला." पुस्तकातल्या केकच्या चित्रावर तुझा राग होता. "वाढदिवसाला केक सारखा कापलेला कुणी बघितलाय? ज्याचा वाढदिवस त्याला मोठा तुकडा. ह्यातनं पोरं काय समान भाग शिकणार!"

आणि आपले ते शब्द. त्यांच्यावर तर तुझा जीव होता. साडेतीन म्हणजे तीन अधिक अर्धा. पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी. "आपल्या भाषेनं बेरीज-वजाबाकी आधीच करून ठेवलीय गो. पोरांना नुसतं घड्याळ दाखव." जुहूच्या सहलीला आपण दोन्ही वर्ग एकत्र नेले होते, आठवतंय? तू साडी खोचून घोटाभर पाण्यात उभी, पोरं तुझ्याभोवती, आणि तू ओरडून विचारतेयस, "बस पावणेसहाला सुटणार. म्हणजे सहाला किती कमी?" सगळी एका सुरात, "पाव तास!" आणि एक चिमुरडी गंभीरपणे, "बाई, पाव म्हणजे वडापावातला ना?" तू इतकी हसलीस की लाटेनं तुझी एक चप्पल नेली. उरलेली सहल तू एका चपलेवर केलीस आणि बसमध्ये बसल्यावर म्हणालीस, "दोनातनं एक गेली. ही वजाबाकी तुझ्या रीतीनं पण येते."

आता तनुजाचं. हे टाळून मला पुढे जाता येणार नाही.

तनुजा तुझ्या पाचवीत होती. शांत पोर. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. शिष्यवृत्तीचा जादा वर्ग तेव्हा मी घेत होते आणि त्यासाठी मुलं निवडायला मी एक लेखी चाचणी लावली. त्यात होतं, पाच वजा एक छेद चार. तनुजानं पायरी एकही लिहिली नव्हती. आधी अक्षरात 'पावणेपाच' आणि पुढे थेट चार पूर्णांक तीन छेद चार. बाकीची दहा उत्तरंही तशीच, पायऱ्यांशिवाय, आणि सगळी बरोबर. मी तिच्या पेपरला शून्य दिलं. तिला व्हरांड्यात उभं केलं आणि तिच्या आईला बोलावून, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांसमोर सांगितलं की तुमच्या मुलीनं शेजारचीचं बघून लिहिलंय. आईचे हात पिठाचे होते. तशीच कामावरून आली होती. तिनं तनुजाकडे बघितलं. तनुजा काही बोलली नाही. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे कबूल आहे.

तू कुठूनशी आलीस. चिडलीस की तू सरळ मालवणीत शिरायचीस.

"तुका काय वाटता, पोळ्या लाटणाऱ्या बायच्या चेडवाक गणित येवचा नाय?"

"पायऱ्या कुठे आहेत, शैला?"

"पावणेपाच हीच पायरी! पाचाला पाव कमी. आणखी काय लिहायचं तिनं?"

"तपासणाऱ्याला ते कळलं पाहिजे."

"तपासणारी तूच ना? मग तुला कळलं पाहिजे. आणि शिष्यवृत्तीला पायऱ्या बघतं कोण? तिथं नुसता गोल काळा करायचा असतो."

तुझं बरोबर होतं, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. कळलं म्हणूनच मी ते वाक्य बोलले. सगळ्या स्टाफसमोर. "तुझ्यासारखं शिकवलं तर ही मुलं आयुष्यभर ब्लाऊजच शिवतील."

तू भांडण तिथेच अर्धवट टाकलंस. तुला ओळखल्यापासून पहिल्यांदा. डबा उचललास आणि खिडकीपाशी ज्युनिअर शिक्षिकांच्या टेबलावर जाऊन बसलीस. दिवाळीच्या आधीची गोष्ट. संक्रांत आली तरी आपण एका शब्दानं बोललो नव्हतो. तिळगूळ तू माझ्या टेबलावर ठेवलास, पण मी वर्गात असताना. दुपारी वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास आत यायचा, तू तुझ्याकडच्या खिडक्या लावायचीस, मी माझ्याकडच्या, आणि पार्टिशनपलीकडून तुझा आवाज यायचा. "सहातनं एक घ्या. मोडा त्याला. किती भागांत मोडू? छेद विचारा, छेद सांगेल." मी नको म्हणत ऐकायचे. कधी कधी माझ्याच मुलांना "गप्प बसा" म्हणून ऐकायचे.

मग फेब्रुवारीत माझ्या सहावीची घटक चाचणी झाली. चार वजा तीन छेद चार. बेचाळीस मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, एक छेद चार. चारातून तीन गेले, एक राहिला, खाली चार तसाच. वर्षभर मी त्यांना खाली एक लिहायला शिकवलं होतं. ते लिहायचं कधी आणि का, हे त्यांच्या हाती लागलंच नव्हतं, म्हणून ते कुठल्या कुठे उडून गेलं. सगळ्यात हुशार म्हणून मी ज्या मुलींची नावं घ्यायचे त्यांचीही तीच चूक. मी तो गठ्ठा उचलला आणि खिडकीपाशी तुझ्यासमोर ठेवला.

तू आठ-दहा पेपर चाळलेस. "चारातनं पाऊण काढला आणि उरला पाव," म्हणालीस. मला वाटलं, आता ऐकवशील. तू फक्त विचारलंस, "तुझा तास कधी आहे उद्या?"

दुसऱ्या दिवशी तू कापड घेऊन आलीस. घाटकोपरला जाऊन खास आणलेलं, हिरवं सुती, चार मीटर. बाकं मागे सारायला लावलीस, चार मुलींना टोकं धरायला दिलीस आणि मीटरमीटरवर खडूनं खूण केलीस. मी दारात उभी. "आता मला ब्लाऊजला पाऊण मीटर पायजे. कुठनं कापू?" सगळी गोंधळली. "चारही तुकडे मोडायचे?" "नाय बाई, एकच!" "मग बाकीचे तीन?" "तसेच ठेवा!" शेवटच्या मीटरला तू चार घड्या घातल्यास, तीन घड्या कापून काढल्यास आणि उरलेलं सगळं कापड तसंच पसरून धरायला सांगितलंस. "ज्यांनी ज्यांनी पाव उरला लिहिलंय त्यांनी पुढे या आणि ह्या पाव मीटरमध्ये स्वतःला गुंडाळून दाखवा." तेवीस पोरं पुढे आली, सगळीच्या सगळी त्या कापडात शिरायला बघू लागली आणि वर्ग हसून हसून आडवा झाला. सव्वातीन मीटर होतं ते. कुणीतरी ओरडलं, "एवढं कापड पाव कसं असेल!" तू माझ्याकडे बघितलंस. हसू आलं होतं त्यांना, शैले. चुकीच्या उत्तराला हसू आलं होतं.

तास संपल्यावर तू कापलेला तुकडा माझ्या हातात दिलास. "घे. शीव ब्लाऊज."

मी हसले. तूही हसलीस. आणि तिथे मी माफी मागायला हवी होती. ओठांवर आलं होतं. पण तू पुढे म्हणालीस, "बाह्या लांब नको घेऊस, पुरायचं नाय," आणि मग ते राहूनच गेलं. नंतर वाटलं, आता काय उकरून काढायचं. नंतर वाटलं, तू विसरली असशील. गेल्या महिन्यात तुला दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही मनात होतं, तर तू नर्सला सलाईनचा हिशेब शिकवत बसली होतीस. मी डबा ठेवला आणि निघाले. असे आपण. बोलण्याचा कंटाळा कधीच नव्हता, आणि नेमकं जे बोलायचं ते राहिलं.

कापडाच्या त्या तासाच्या दुसऱ्या दिवशी मी तनुजाला जादा वर्गात घेतलं, एवढं केलं. पण तिच्याशी, तिच्या आईशी, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही, थोडक्यात गेली. तीन महिने बुडाले होते तिचे. ते माझ्यामुळे, हे तू एकदाही म्हणाली नाहीस.

तुझ्या दहाव्याला तुमच्या घरी गेले तर दारात एक मुलगी चपला नीट लावत होती. "बाई, ओळखलंत?"

"तनुजा."

"हो. कॉपीवाली." हसत म्हणाली, पण म्हणाली. घाटकोपरला एका औषधांच्या दुकानात असते आता, फार्मसी झालीय. तुझ्या आजारपणात गोळ्या तीच पोचवायची, हे मला तेव्हा कळलं.

मी तिथेच, त्या चपलांच्या ढिगापाशी, तिला म्हटलं, "तनुजा, माझं चुकलं होतं. तुझं पावणेपाच बरोबर होतं. मी तुझ्या आईसमोर तुला नको ते बोलले."

तिनं हातातली चप्पल ओळीत ठेवली. मग म्हणाली, "माहितीय बाई. बरोबर होतं ते परब बाईंनी तेव्हाच सांगितलेलं. पण तुम्ही म्हणालात ते बरं वाटलं. आईला सांगेन." आणि मग तिनं जे सांगितलं त्यासाठी मी तुला हे सगळं लिहायला बसले. त्या तीन महिन्यांत, जेव्हा तू माझं तोंड बघत नव्हतीस, तेव्हा तू दर रविवारी तिच्या घरी जायचीस. तिला शिकवायला. काय शिकवायला? तनुजा म्हणाली, "खाली एक लिहायला. तिरकस गुणाकार. मी म्हटलं, बाई मला असंच येतं, हे कशाला? तर म्हणाल्या, कर्णिक बाईंची रीत पण आली पायजे. डोकं चालेनासं झालं ना परीक्षेत, की तीच धावून येते. त्या गणितातल्या पक्क्या आहेत, त्यांच्यावर रागावू नको."

शैले! एकोणीस वर्षं! मला सोडून सगळ्यांना सांगितलंस?

मी तिथून निघाले आणि कांजूर स्टेशनच्या पुलावर थांबून मनसोक्त रडले. नंतर हसले. कारण माझंही तुला सांगायचं राहिलं होतं. कापडाच्या त्या तासानंतर मी दरवर्षी सहावीला घोटीव कागदाच्या पट्ट्या वाटते. आधी घडी, मग आकडे. एक पट्टी मोडा, बाकीच्या तशाच ठेवा. हळू आवाजात शिकवायचे, पार्टिशनपलीकडे जाऊ नये म्हणून. तुला कळलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस. कदाचित कळलंही असेल. पार्टिशन काही माझ्याकडच्याच बाजूनं पातळ नव्हतं.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी तुझी पाचवी माझ्याकडे दिली. "वर्ष संपेपर्यंत सांभाळा, कर्णिक बाई." तुझ्या टाचणवहीत बघितलं, मिळवणं झालं होतं, पूर्णांकातून वजा करणं राहिलं होतं. आज तो तास घेतला. तुझ्या पद्धतीनं सुरू केलं. फळ्यावर सहा वजा चार छेद पाच. सहा पट्ट्या, त्यातली एक मोडून पाच तुकडे, चार उचलले, उरले पाच पूर्णांक एक छेद पाच. मग शेजारी माझी रीत लिहिली. सहाखाली एक, तीस वजा चार, सव्वीस छेद पाच. दोन्ही एकच आहेत हे दाखवलं. दोघींना एका फळ्यावर आणून मी स्वतःवर खूश होते.

तिसऱ्या बाकावरून आर्या नावाच्या मुलीनं हात वर केला. तुझ्याच वर्गातली ती, मी अजून नावं शिकतेय.

"बाई, मी वेगळं केलं."

"काय केलंस?"

"मी एक आख्खाच काढून टाकला. पाच राहिले. पण काढायचे होते चार तुकडे आणि मी काढले पाच. एक जास्त गेला. तो परत ठेवला. पाच पूर्णांक एक छेद पाच."

मी बघत राहिले. "हे परब बाईंनी शिकवलं?"

"नाही. कोणीच नाही. आत्ता सुचलं."

शैले, गेले सोळा दिवस आपल्या प्रत्येक भांडणातलं तुझं पुढचं वाक्य मला ऐकू येतंय. मी काही म्हणायच्या आत तुझं उत्तर तयार असतं, त्यातल्या 'गो'सकट. हे तुझंही नव्हतं आणि माझंही नव्हतं, आणि यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकूच येईना. मी खडू हातात घेऊन वाट बघितली. खरंच बघितली. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा मला कळलं की तू गेलीस.

मग मी आर्याला म्हटलं, "ये, सगळ्यांना समजावून सांग." खडू तिला दिला आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.